शी-शूची भाषा

कुवेंपुनगरातल्या एखाद्या मराठी घरात वाढणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाच्या कानावर एकाच गोष्टीची किती नावं पडतात, ते मोजून पाहावं. आई विचारते, “शी आली का?” धुणंभांडी करायला येणाऱ्या अक्का त्यालाच ‘कक्का’ म्हणतात आणि लघवीला ‘उच्चे’. बालवाडीच्या बाई ‘पॉटी’ आणि ‘सुसू’ म्हणतात. पुण्याहून व्हिडिओ कॉलवर आजोबा विचारतात, “दोन नंबरला जाऊन आलास का रे?” बहुतेक मुलं हा गुंता महिन्या-दोन महिन्यांत सोडवतात. कुठला शब्द कुणाचा, हे त्यांना शिकवावं लागत नाही. स्वमग्न मुलाची गोष्ट वेगळी असते. त्याच्या ओटीपोटात एक ताण जाणवतो, किंवा जाणवतही नाही, आणि बाहेर चार माणसं चार शब्द उच्चारत असतात. त्या ताणाचा आणि त्या शब्दांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हेच त्याच्यापर्यंत पोचलेलं नसतं. मग चड्डी ओली होते, घरातलं कुणीतरी चिडतं, आणि मुलाच्या मनात एकच गोष्ट पक्की होते: संडासाच्या दाराशी गेलं की माणसं रागावतात.

म्हैसूरच्या या वसाहतीला कन्नड कवी कुवेंपु यांचं नाव आहे. म्हैसूर विद्यापीठाचे ते कुलगुरू होते आणि विद्यापीठाच्या परिसराला ‘मानसगंगोत्री’ हे नाव त्यांनीच दिलं. कुवेंपुनगरापासून फार लांब नसलेल्या त्याच मानसगंगोत्रीत अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे. १९६५ साली स्थापन झालेल्या या संस्थेत देशभरातून पालक मुलांना घेऊन येतात. अशा ठिकाणी येणाऱ्या पालकांची पहिली तक्रार बहुधा ‘मूल बोलत नाही’ ही असते. ‘अजून चड्डीतच करतो’ हे वाक्य पुष्कळ नंतर, आवाज खाली आणून उच्चारलं जातं. पहिला प्रश्न वाचेचा आणि दुसरा वळण लावण्याचा, अशी आपण मनात विभागणी करून टाकलेली असते. बोलण्यासाठी तज्ज्ञ शोधायचा आणि शी-शूसाठी आईने अधिक कडक व्हायचं, असा त्या विभागणीचा अर्थ होतो. या प्रकरणाचं सगळं म्हणणं त्या विभागणीच्या विरोधात आहे. स्वमग्न मुलाची शी-शूची अडचण हीसुद्धा संवादाचीच अडचण आहे आणि एखादी भाषा शिकवावी तशीच ती सवय शिकवावी लागते. हे एकदा मान्य केलं की काय करायचं, काय टाळायचं आणि किती काळ धीर धरायचा, या तिन्हींची उत्तरं बदलतात.

आधी अडचण किती मोठी आहे ते पाहू. अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या बहुकेंद्री अभ्यासात शाळापूर्व वयाच्या मुलांचे तीन गट तपासले गेले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार शौचालयाला विरोध करणाऱ्या मुलांचं प्रमाण स्वमग्न मुलांत सुमारे ४९ टक्के होतं. विकासाच्या इतर अडचणी असलेल्या मुलांत ते सुमारे २४ टक्के आणि सर्वसाधारण मुलांत ८ टक्के होतं. यातला मधला आकडा महत्त्वाचा आहे. अडचण केवळ विकास मागे पडल्याची असती तर पहिले दोन गट जवळजवळ सारखेच निघाले असते. ते तसे निघाले नाहीत, म्हणजे स्वमग्नतेतच असं काही आहे जे या एका सवयीच्या आड येतं. ते शोधायचं तर ही ‘साधी’ सवय प्रत्यक्षात किती गाठींची साखळी आहे हे बघायला हवं. शरीराने मुलाला सांगितलं पाहिजे की आता वेळ झाली. मुलाने मोठ्यांना ते कळवलं पाहिजे. आणि मोठ्यांनी मुलाला कळेल अशा रीतीने सांगितलं पाहिजे की कुठे जायचं, काय करायचं, कधी उठायचं. हे तीन संवाद आहेत आणि स्वमग्नतेत तिन्ही ठिकाणी गाठ सैल असू शकते.

पहिला संवाद शरीर आणि मूल यांच्यातला. भूक, तहान, लघवीचा ताण हे शरीराच्या आतले निरोप ओळखण्याची एक वेगळी संवेदना असते. पुष्कळ स्वमग्न मुलांत ती मंद असते किंवा अति तीव्र असते. निरोप मंद असेल तर मूल खेळता खेळता ओलं होतं आणि ओलं झाल्याचंही त्याला काही वाटत नाही. तो तीव्र असेल तर शौचाची भावनाच त्याला भयंकर वाटते आणि ते ती दाबून धरतं. त्यात भर पडते खाण्याच्या आवडीनिवडीची. फक्त दहीभात, फक्त एकाच कंपनीची बिस्किटं, दिवसभर दूध, असं खाणं असलेल्या मुलाच्या पोटात भाजी आणि पाणी कमीच जातं. पोटाच्या तक्रारींवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ साली घेतला गेला. त्यात स्वमग्न मुलांमध्ये बद्धकोष्ठतेची शक्यता इतर मुलांच्या तिपटीहून जास्त दिसली. बद्धकोष्ठता एकदा आली की ती स्वतःलाच वाढवते. खडा झाला की दुखतं, दुखतं म्हणून मूल धरून ठेवतं, धरून ठेवलं की खडा आणखी मोठा होतो, आणि आतडं ताणलं जाऊन भरल्याची जाणीवच बोथट होते. मग घट्ट मळाच्या बाजूने पातळ मळ झिरपतो आणि चड्डीला सतत डाग पडतात. घरातल्यांना वाटतं की जुलाब होताहेत, किंवा मूल मुद्दाम करतंय. प्रत्यक्षात ते बद्धकोष्ठतेचंच लक्षण असतं आणि त्यावर जुलाब थांबवण्याचं औषध दिलं तर गोष्ट आणखी बिघडते. म्हणून शिकवण्याचा पहिला दिवस बालरोगतज्ज्ञांकडे उजाडला पाहिजे. पोट साफ होऊ लागलं, मळ मऊ झाला आणि तो काही आठवडे तसाच राहिला, की मग पुढची पायरी. ज्या शरीराचा निरोप दुखऱ्या आवाजात येतो, त्याचं ऐकायला कुठलंच मूल शिकणार नाही.

दुसरा संवाद मूल आणि मोठी माणसं यांच्यातला. सर्वसाधारण मूल नीट बोलायला यायच्या आधीच आईचं बोट धरून ओढतं, चड्डीकडे हात दाखवतं, तोंडाकडे बघतं. आपल्या मनातलं दुसऱ्याच्या मनात पोचवायचं असतं, ही कल्पनाच त्या ओढण्यात असते. स्वमग्न मुलाला नेमकी हीच गोष्ट कठीण जाते. पण ते काहीच सांगत नाही असं मानणं चूक आहे. पडद्याआड जाऊन उभं राहणं, खेळता खेळता एकदम थांबणं, चवड्यांवर चालणं, सोफ्याचा एकच कोपरा गाठणं, कान लाल होणं ही सगळी चिन्हं असतात. फरक इतकाच की ती कुणाला उद्देशून केलेली नसतात, शरीर ती आपोआप करतं. त्यांना उद्देश देणं हे शिकवणाऱ्याचं काम आहे. मूल पडद्याआड गेलं की ओरडू नये. तिथे जाऊन ठरलेला एक शब्द उच्चारावा, ठरलेलं एक चित्र त्याच्या हातात द्यावं आणि त्याला शौचालयाकडे न्यावं. असं शंभर वेळा झालं की चित्र आणि पोटातला ताण यांची गाठ बसू लागते. पुढे कधीतरी मूल स्वतः ते चित्र आणून देतं. त्या क्षणी चड्डी कोरडी राहिली की नाही ही दुय्यम गोष्ट आहे. मुलाने एक वाक्य उच्चारलेलं असतं.

तिसरा संवाद मोठ्यांकडून मुलाकडे जाणारा, आणि इथे आपण सगळ्यात जास्त चुकतो. मूल ऐकत नाही असं वाटलं की आपण जास्त बोलतो. “चल बाळा, शी करायची ना, शहाणा ना तू, बघ ताई कशी करते, बस बरं, अरे बस म्हटलं ना” या एका दमात पाच-सहा सूचना आहेत आणि त्यातली एकही त्याला पकडता येत नाही. ‘शहाणा’ या शब्दाची गोडीही त्याला इतर मुलांइतकी नसते, कारण ती गोडी दुसऱ्याच्या नजरेतल्या कौतुकावर उभी असते. वर शौचालयाची जागा स्वतःच पुष्कळ काही बोलत असते. ओली थंड फरशी, फिनाईलचा वास, एक्झॉस्ट पंख्याची घरघर, फ्लशचा अचानक आवाज, जेटच्या गार पाण्याचा फवारा, पाश्चात्त्य कमोडवर लोंबकळणारे पाय. ज्याच्या संवेदना तीव्र आहेत त्याला ही खोली सतत ओरडणारी वाटते. आपण हळू आवाजात बोलायला शिकायचं म्हणजे या खोलीचाही आवाज उतरवायचा: पंखा बंद, पायाखाली कोरडं पायपुसणं, धुवायला कोमट पाण्याचा मग, फ्लश मूल बाहेर गेल्यावर. कमोड असेल तर पायाखाली स्वयंपाकघरातला लाकडी पाट ठेवावा. पाय टेकले की पोटाला जोर करता येतो आणि गुडघे वर आले की मळाची वाट सरळ होते. भारतीय बैठकीत हे आपोआप घडतं. पण ज्या मुलाचे स्नायू ढिले असतात त्याला उकिडवं बसणं दमवतं, आणि त्याच्यासाठी छोटी पॉटीची खुर्चीच बरी.

बोलता न येणाऱ्या मुलाला हे शिकवता येतं का, ही शंका इथे येणारच. तिचं उत्तर आपल्याच घरात आहे. दोन्ही पाय पसरून किंवा जमिनीवर टेकून बसायचं, बाळाला पावलांवर घ्यायचं आणि ‘शूऽऽ’ असा आवाज काढायचा, ही रीत मराठी घरांना नवी नाही. तीन-चार महिन्यांच्या बाळाला शब्द कळत नसतो. पण ती ठरावीक वेळ, पावलांवरची ती ठरावीक बैठक आणि तो आवाज यांची गाठ शरीराशी पडते. पूर्व आफ्रिकेतल्या डिगो लोकांमध्येही असंच दिसतं, असं १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नोंदवलं आहे. तिथल्या आया पहिल्या काही आठवड्यांपासून अशीच बैठक आणि असाच आवाज वापरतात, आणि पाच-सहा महिन्यांत बाळं बरीचशी कोरडी राहू लागतात. याच्या उलट टोकाला अमेरिकी बालरोगतज्ज्ञ बेरी ब्रेझेल्टन यांचा १९६२ सालचा लेख आहे. ११७० मुलांच्या नोंदींवरून त्यांनी सांगितलं की मूल तयार होईपर्यंत थांबावं, त्याने स्वतः रस दाखवावा, आणि सरासरी २८-२९ महिन्यांना दिवसाची सवय लागते. दोन्ही रीती आपापल्या जागी चालतात. पण ब्रेझेल्टन यांची ‘तयारीची लक्षणं’ बहुतांशी सामाजिक आणि भाषिक आहेत: मोठ्यांची नक्कल करावीशी वाटणं, सांगता येणं, कौतुक हवंसं वाटणं. स्वमग्न मुलात ही लक्षणं दिसण्याची वाट पाहिली तर ती कदाचित पाच-सहा वर्षांपर्यंत दिसणारच नाहीत. म्हणून तयारी मोजायची तर शरीराची मोजावी. दीड-दोन तास कोरडं राहता येतं का, मळ मऊ आहे का, दोन मिनिटं एका जागी बसता येतं का. एवढं असेल तर आरंभ करायला हरकत नाही. बोलणं मागून येईल, किंवा चित्रातून येईल.

चित्रं, वेळापत्रक आणि ठरावीक जागा यांवर आधारलेली शिकवण्याची पद्धत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी १९७२ साली सुरू केलेल्या ‘टीच’ या कार्यक्रमातून जगभर गेली. तिचा गाभा असा की स्वमग्न मुलाला ऐकू येऊन विरून जाणाऱ्या शब्दापेक्षा डोळ्यांसमोर टिकून राहणारी गोष्ट जास्त भरवशाची वाटते. दुसरा मोठा वारसा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नेथन अझरिन आणि रिचर्ड फॉक्स यांचा. १९७१ साली त्यांनी संस्थेत राहणाऱ्या, तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या नऊ प्रौढांवर एक पद्धत वापरली. भरपूर पाणी, ठरावीक अंतराने बसवणं, ओलं झाल्याची तत्काळ सूचना, कोरडं राहिल्याबद्दल तत्काळ बक्षीस. कपडे ओले होण्याच्या घटना लगोलग सुमारे नव्वद टक्क्यांनी घटल्या. ज्यांना ‘शिकवताच येत नाही’ असा शिक्का होता ते शिकले, हे त्या प्रयोगाचं मोठं देणं आहे. पण त्या पद्धतीत चूक झाल्यावर करायला लावायची सक्तीची साफसफाई आणि तीच ती कृती पुन्हा पुन्हा करून घेणं हेही होतं. ते आज सोडून दिलं पाहिजे. लहान मुलाला प्रमाणाबाहेर पाणी पाजणंही धोक्याचं आहे, कारण त्याने रक्तातलं मिठाचं प्रमाण बिघडू शकतं. वेळ आणि बक्षीस ठेवावं, शिक्षा गाळावी. शिक्षेने मूल शौचालय टाळायला शिकतं आणि टाळलेली शी पुन्हा बद्धकोष्ठतेच्या चक्रात जाते.

आता हे सगळं कुवेंपुनगरातल्या एका सकाळीत कसं बसतं ते जवळून पाहू. आधी चार-पाच दिवस काहीच शिकवायचं नाही, फक्त वहीत नोंद ठेवायची. दर अर्ध्या तासाला चड्डी तपासायची आणि ‘कोरडी’ किंवा ‘ओली’ एवढंच लिहायचं, सोबत जेवणाच्या आणि शी झाल्याच्या वेळा. आठवड्याअखेरीस त्या वहीत मुलाच्या शरीराचं घड्याळ दिसू लागतं. बहुतेक मुलांना न्याहारीनंतर वीस मिनिटं ते अर्ध्या तासात शी होण्याची शक्यता सर्वाधिक असते, कारण पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपोआप हालचाल करतं. म्हणून साडेआठला इडली किंवा उपीट झालं की आठ पन्नासला पहिली बैठक. शौचालयाच्या दारावर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला पाच चित्रांची पट्टी चिकटवलेली असावी: चड्डी खाली, बसणं, धुणं, चड्डी वर, हात धुणं. ती आपल्याच घरातल्या आपल्याच मगाचे आणि पॉटीचे मोबाईलवर काढलेले फोटो असले तर उत्तम. दुसऱ्याच घरातला पांढराशुभ्र कमोड दाखवणारं परदेशी चित्र पाहून मुलाला ते आपल्या मोरीशी जोडता येईलच असं नाही. पहिले काही दिवस फक्त कपड्यांसकट बसून उठणं, मग एक मिनिट, मग तीन. तेवढ्या वेळात एकच गाणं, तेही रोज तेच. गाणं संपलं की उठायचं, काही झालं असो वा नसो. बसणं कधी संपणार हे ठाऊक असलं की बसण्याची भीती कमी होते. शी किंवा शू झाली तर पाच सेकंदांच्या आत बक्षीस, आणि तेही फक्त याच कामासाठी राखून ठेवलेलं: साबणाच्या पाण्याचे बुडबुडे, फिरणारा भोवरा, चकलीचा एक तुकडा. चड्डीत झालं तर चेहरा कोरा ठेवायचा, शौचालयातच कपडे बदलायचे, मळ तिथेच टाकायचा, आणि तो एकच शब्द उच्चारायचा. मुलग्यांना सुरुवातीला शूसुद्धा बसूनच शिकवावी. दोन रीती नंतर वेगळ्या करता येतात. रात्रीचा डायपर मात्र घाईने काढू नये. झोपेतलं नियंत्रण शरीराच्या वाढीवर अवलंबून असतं आणि ते शिकवण्याने येत नाही.

तो एकच शब्द कोणता, हा प्रश्न म्हैसूरसारख्या शहरात महत्त्वाचा ठरतो. अनेक पालकांना सल्ला मिळतो की घरात मराठी बोलू नका, मुलाला एकच भाषा द्या, तीही शाळेची. हा सल्ला पुराव्यावर उभा नाही. कॅनडातल्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दोन भाषा ऐकत वाढलेली स्वमग्न मुलं एकाच भाषेत वाढलेल्या स्वमग्न मुलांपेक्षा भाषेत मागे पडलेली दिसली नाहीत. आणि आईने आपली भाषा सोडली तर मुलाशी होणारं बोलणंच आटतं, अंगाई आटते, रागलोभ परक्या शब्दांत अडकतात. म्हणून मराठी सोडण्याचं कारण नाही. फक्त या एका कृतीपुरता करार करायचा: शब्द ‘शी’ आणि ‘शू’, खूण एकच, चित्र एकच. अक्कांनी ‘कक्का’ऐवजी ‘शी’ म्हणायचं आणि बालवाडीच्या बाईंनीही तेच चित्र दाखवायचं. चित्राला मराठी-कन्नड नसते, म्हणून त्यावर सगळ्यांचं एकमत लवकर होतं. अक्कांना हे सांगण्यात संकोच वाटण्याचं कारण नाही. मुलाचे कपडे अनेकदा त्याच बदलत असतात, त्यामुळे त्या या शिकवण्यातल्या पूर्ण भागीदार आहेत.

या म्हणण्यावर घेतले जाणारे आक्षेप खरे आहेत आणि त्यांना उत्तर द्यायला हवं. पहिला आक्षेप घरातल्या वडीलधाऱ्यांचा: वय वाढलं की आपोआप येईल, अमक्याचा काकाही उशिराच शिकला. काही मुलांच्या बाबतीत हे खरं ठरतं. पण स्वमग्न मुलांच्या पालकांच्या अमेरिकेतल्या एका जुन्या पाहणीत दिवसा कोरडं राहायला शिकवण्यासाठी सरासरी दीड वर्षाहून जास्त काळ लागलेला दिसला, आणि शौचाला त्याहूनही अधिक. जे शिकवायलाच इतका वेळ लागतो, ते न शिकवता लवकर येईल ही आशा ठेवण्यात अर्थ नाही. शिवाय वर्षानुवर्षं डायपर हीच शी करण्याची जागा आहे हे मुलाने शिकून घेतलेलं असतं. काही मुलं तर शी आली की डायपर मागतात, आणि ती त्यांनी इमाने शिकलेली गोष्ट असते. जितकं उशिरा सुरू करू तितकी ती जुनी सवय आधी सोडवावी लागते. अशा मुलाला डायपर लावूनच शौचालयात उभं करणं, मग डायपरसह बसवणं, मग डायपर सैल करणं अशा बारीक पायऱ्यांनी तो बदल घडवावा लागतो.

दुसरा आक्षेप बक्षिसाचा: ही लालूच झाली, मूल चकलीसाठीच बसेल. सर्वसाधारण मुलालाही आपण बक्षीस देतच असतो, फक्त ते आजीच्या टाळ्यांच्या रूपाने असतं. ज्याला टाळ्या गोड लागत नाहीत त्याला चकलीचा तुकडा दिला तर ती लालूच का ठरावी? सवय बसली की बक्षीस दर वेळेऐवजी अधूनमधून द्यायचं आणि शेवटी थांबवायचं, हेही त्याच पद्धतीत आहे. तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो अनेक स्वमग्न प्रौढांकडून येतो: तुम्ही मुलाला सोयीसाठी वाकवता, त्याच्या शरीरावर त्याचा हक्क कुठे राहिला? या आक्षेपाचा निम्मा भाग स्वीकारलाच पाहिजे. रडणाऱ्या मुलाला धरून बसवणं हे शिकवणं नव्हे. ते रडणं हेही एक वाक्य आहे, आणि त्याचा अर्थ ‘इथे काहीतरी मला सोसत नाही’ असा असतो. तसं झालं तर एक पायरी मागे यावं. पण उरलेला निम्मा भाग उलट दिशेला जातो. ज्याला स्वतःची स्वच्छता येते त्याच्या शरीराला रोज पाच-सहा वेळा दुसऱ्याचे हात लागत नाहीत. वय वाढत जातं तसं हे लैंगिक सुरक्षिततेचंही कारण होतं. दार लावणं, ‘नको’ सांगता येणं, आपले कपडे आपण सावरणं हे शिकलेल्या मुलाचा आपल्या शरीरावरचा हक्क वाढतो. त्यामुळे शिकवतानाच दार लोटून घ्यायची सवय लावावी, आणि चारचौघांत मुलाच्या शी-शूची चर्चा करू नये.

आणखी एक अडचण कुणी उघडपणे मांडत नाही: हे सगळं करायचं कुणी? बहुतेक घरांत याचं उत्तर ‘आई’ असं गृहीत धरलेलं असतं. दीड वर्ष, दिवसातून आठ-दहा बैठका, ओल्या गाद्या, आणि वर ‘तुला जमत नाही’ हा टोमणा, एवढं ओझं एका माणसाने वाहू नये. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथे झालेला ‘पास’ नावाचा प्रयोग या दृष्टीने बोलका आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात दोन ते नऊ वर्षांची ६५ स्वमग्न मुलं होती. तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाशी संवाद साधण्याची रीत शिकवली. पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुलांनी आपण होऊन संवाद सुरू करण्याचं प्रमाणही वाढलं. प्रयोग शी-शूविषयी नव्हता, पण त्यातून दोन गोष्टी सिद्ध होतात: घरातली माणसं हे शिकू शकतात, आणि त्यांना शिकवायला दर वेळी मोठ्या पदवीचा तज्ज्ञ लागत नाही. म्हणून वहीतली नोंद बाबांनी करावी, सकाळची बैठक आजीने घ्यावी, संध्याकाळची बाबांनी. वही एकच असली की माणूस बदलला तरी पद्धत बदलत नाही. आणि मुलालाही कळतं की हा नियम आईच्या मर्जीचा नाही, घराचा आहे.

शाळेचा दरवाजाही याच प्रश्नावर अडतो. अनेक खासगी बालवाड्या प्रवेशासाठी ‘टॉयलेट ट्रेन्ड’ असण्याची अट घालतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. मान्यताप्राप्त शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करावी, अशी त्या कायद्याची दिशा आहे. शौचालयाच्या दारावर एक चित्रपट्टी, ठरावीक वेळी पाच मिनिटं सोबत जाणारी मदतनीस आणि बदली कपड्यांची एक पिशवी, एवढी सोय वाजवीच म्हणायला हवी. शिक्षकांची बाजूही समजून घ्यावी लागते. वर्गात तीस मुलं आणि एकच बाई असतील तर मदतनिसाशिवाय हे होत नाही. पण ‘आधी घरी शिकून या, मग प्रवेश’ या अटीत एक उलटा न्याय दडलेला आहे. संवाद शिकण्याची सगळ्यात जास्त गरज ज्या मुलाला आहे, त्यालाच ती संवादाच्या जागेतून बाहेर ठेवते.

शेवटची कसोटी घराबाहेर लागते. स्वमग्न मूल घरच्या शौचालयात शिकलं म्हणजे सगळीकडे शिकलं असं होत नाही. त्याच्यासाठी ‘हे शौचालय’ आणि ‘शौचालय’ या दोन वेगळ्या गोष्टी असतात. म्हैसूरहून दादरला जाणाऱ्या शरावती एक्सप्रेसमध्ये पुण्याच्या आजी-आजोबांकडे निघालेल्या कुटुंबाला हे लगेच कळतं. हलणारी जमीन, रुळांचा आवाज, वेगळ्या आकाराचं भांडं, बाहेर ताटकळणारी माणसं. म्हणून प्रवासाच्या आधी शेजारच्या घरात, मग एखाद्या उपाहारगृहात, मग स्टेशनवर उभ्या गाडीत, असे लहान लहान सराव करावेत, आणि प्रत्येक ठिकाणी घरचीच पट्टी सोबत न्यावी. खोली बदलेल, पाण्याचा आवाज बदलेल, आजूबाजूची भाषा कन्नडची मराठी होईल. पिशवीतल्या त्या पाच फोटोंमध्ये मात्र कुवेंपुनगरातलाच मग असेल. रात्री कधीतरी डब्यातल्या अंधुक उजेडात मुलाने त्यातला एक फोटो काढून बाबांच्या हातात दिला, तर भांड्यापर्यंत पोचेतो चड्डी थोडी ओली झाली तरी चालेल. पोटातला निरोप त्याने ओळखला, तो दुसऱ्याला पोचवला, आणि दुसऱ्याने ऐकलं. उरलेलं काम सरावाचं आहे, आणि ते दोघं मिळून उद्या सकाळी पुन्हा करू शकतात.